ताजमधलं भूत कोणाचं?

अपोलो बंदरावर दुपार कलली आहे. सूर्य ताजच्या पाठीमागे गेला आहे आणि हॉटेलची सावली रस्ता ओलांडून समुद्राच्या कठड्याकडे सरकते आहे. त्या सावलीत एक कुटुंब उभं आहे. बोलण्याच्या हेलावरून खानदेशातलं वाटतं. आजी, आई-वडील आणि दोन मुलगे. त्यांच्यासमोर गळ्यात ओळखपत्र अडकवलेला गाईड. गेटवे, पंचम जॉर्ज, घारापुरीची बोट हे सगळं त्याने भराभर उरकलं आहे. आता तो आवाज खाली आणतो, आणि मुलगे आपोआप एक पाऊल पुढे सरकतात.

"हे हॉटेल ज्या इंग्रज साहेबाने बांधलं ना, तो नकाशा काढून देऊन विलायतेला गेला. परत येऊन बघतो तर काय, हॉटेल उलटं! तोंड गावाकडे आणि पाठ समुद्राकडे. इथल्या लोकांनी नकाशाच उलटा धरला होता. साहेबाला ते सहन झालं नाही. वरच्या मजल्यावर गेला आणि दिली उडी टाकून. अजून फिरतो रात्रीचा. या जुन्या बाजूला."

"कोणत्या खिडकीतून?" धाकटा विचारतो.

गाईड बोट वर करतो. कोणतीही खिडकी चालेल असं ते बोट आहे. सगळे वर बघतात, मीही बघते. पांढरट-करड्या भिंती, ओळीने सज्जे, कोपऱ्यांवरचे छोटे घुमट आणि मधला तो मोठा लालसर घुमट. आजी डोक्यावरचा पदर सारखा करते आणि ताजकडे बघून हात जोडते.

माझ्या शेजारी माझी भाची उभी आहे. मामेभावाची मुलगी. जन्मली आणि वाढली लेस्टरमध्ये, मराठी मात्र आईने घरात जपलंय. ती माझ्या कानाशी येते. "आत्या, मी हेच वाचलं होतं. तो छतावरही फिरतो म्हणे. नाव चेंबर्स."

भाऊ आणि वहिनी या खेपेला हौसेने ताजच्या जुन्या इमारतीत उतरले आहेत, म्हणून आज मलाही वरच्या मजल्यांवर जाता येणार आहे. भाचीला भूत बघायचंय. मला त्या कथेचं माप घ्यायचंय, कारण ती मी लहानपणापासून ऐकत आले आहे. गिरगावात आमच्या चाळीत गॅलरीवर रात्री गप्पा रंगल्या की मुंज्या, हडळ, खवीस अशी सगळी मंडळी येऊन जायची आणि शेवटी कुणीतरी हा ताजमधला साहेब काढायचं. कोकणातल्या भुतांच्या पंगतीला सुटाबुटातला हा एकच पाहुणा. त्याला कुणी कधी प्रश्न विचारला नाही.

"आधी मागे जाऊ," मी म्हणते. "भुताचं म्हणणं आहे ना, की दार मागच्या बाजूला गेलं? मग ती बाजू बघू."

इमारतीला वळसा घालून आम्ही मागच्या रस्त्यावर येतो आणि शहर एकदम बदलतं. समुद्राकडची ती मोकळी हवा, फोटोवाले, कबुतरं सगळं गेलं. इथे टॅक्सी आहेत, मालाचे टेम्पो आहेत, कबाबच्या गाड्यांवर कोळसा चाळणारे पोरगे आहेत. कामगारांच्या दारातून पाळी संपवून माणसं बाहेर पडतायत, गणवेश उतरवलेली, केस ओले करून विंचरलेले. भिंतीपलीकडे झाडांचे शेंडे दिसतात आणि त्यांच्या मागे ताजचे दोन हात. इमारत इंग्रजी यू अक्षरासारखी आहे. पाठ समुद्राला, दोन्ही हात शहराकडे पुढे केलेले. त्या दोन हातांच्या मध्ये आता पोहण्याचा तलाव आहे.

एके काळी दार इथेच होतं. गाड्या-घोडे इथून आत यायचे, पाहुणा इथे उतरायचा.

भाची भिंतीकडे बघत उभी राहते. तिचे केस तोंडावर येतात, ती मागे सारते, ते पुन्हा येतात. मी तिला तेच दाखवते. वारा. मुंबईचा दुपारचा वारा पश्चिमेकडून येतो, बॅकबेच्या अंगाने. ताज मुंबईच्या पूर्व काठावर आहे, त्याच्या पुढ्यातला समुद्र बंदराचा, आणि दिवसा त्या बाजूने वारा यायचा नाही. वातानुकूलन नव्हतं त्या काळात पश्चिमेकडे उघडे हात करून बसलेली इमारत हा वारा कवेत घेते. शिवाय समुद्राच्या बाजूला दार, पायऱ्या, गाड्यांची वर्दळ ठेवली नाही की ती सगळी बाजू खोल्यांना मोकळी मिळते. म्हणजे शहराकडून या आणि समुद्राकडे तोंड करून झोपा. इतका साधा विचार.

"पण मग गेटवे?" भाची विचारते. "गेटवेसमोरच दार असायला हवं ना?"

इथेच या कथेची मेख आहे. गेटवे तेव्हा नव्हताच. ताज सुरू झालं १६ डिसेंबर १९०३ ला. गेटवेची कोनशिलाही त्यानंतर बसली आणि तो खुला झाला ४ डिसेंबर १९२४ ला, म्हणजे ताजनंतर एकवीस वर्षांनी. आज आपण गेटवेपाशी उभे राहतो, तिथून फोटो काढतो, म्हणून ती आपल्याला पुढची बाजू वाटते. पुढे दारही त्याच बाजूला गेलं. ज्यांना जुनं दार आठवत होतं ती पिढी गेली, आणि मग कुणाला तरी कोडं पडलं, की एवढ्या देखण्या इमारतीचं तोंड मागच्या गल्लीला असं का. कोड्याला उत्तर हवं असतं. उत्तरात माणूस मेला, की ते पक्कं बसतं.

भाची एकदम माझा हात धरते. "अगं आत्या, ग्लासगोच्या म्युझियमची हीच गोष्ट आहे! आमची सहल गेली होती. तिथे पण सांगतात, की बिल्डिंग उलटी बांधली आणि आर्किटेक्टने टॉवरवरून उडी मारली."

खरं आहे तिचं. ग्लासगोचं केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालय १९०१ मध्ये उघडलं, ताजच्या दोन वर्षं आधी. तिथलीही कथा हुबेहूब अशी, आणि तीही खोटी. तो आराखडा सिम्पसन आणि ॲलन या जोडीचा होता आणि मुख्य दार बागेच्या बाजूला ठेवायचं हे आधीपासूनच ठरलेलं होतं. तिथेही शहराची वहिवाट बदलली आणि लोक मागच्या दाराला पुढचं समजू लागले. असल्या कथा ज्यावर पोसल्या जातात तसा एक खरा मृत्यू मात्र व्हिएन्नात झाला आहे. तिथल्या ऑपेरा हाउसवर लोकांनी इतकी टीका केली, की त्याच्या दोन वास्तुरचनाकारांपैकी एदुआर्द फान डर न्यूल याने १८६८ मध्ये गळफास घेतला. इमारत पुरी झालेली बघायला तो राहिला नाही. अशी एक खरी घटना असली, की तिच्या सावलीत किती खोट्या कथा वाढतात बघा.

आम्ही पुढच्या दाराने आत येतो. सामान तपासणीच्या पट्ट्यावरून सरकतं, आम्ही चौकटीतून जातो. लॉबीतून जुन्या इमारतीकडे वळलं की आवाजाची जात बदलते. नव्या टॉवरच्या बाजूला चाकांच्या बॅगा, फोन, हाका. इकडे सगळं गालिच्यात मुरतं. आणि मग समोर तो जिना येतो.

या जिन्याबद्दल कितीही वाचलं असलं तरी तो समोर आला की बोलणं थांबतं. दोन्ही अंगांनी वर चढणारा, मधे कुठेही खांबाचा आधार नसलेला. पायऱ्या भिंतीत रुतवलेल्या आणि तिथूनच अधांतरी पुढे आलेल्या. मान मागे टाकून वर बघितलं की मजल्यावर मजले, कठड्यावर कठडे, आणि अगदी वर घुमटाची पोकळी. हा जिना खानसाहेब सोराबजी रतनजी कॉन्ट्रॅक्टर यांचा. ताजचं बांधकामही त्यांचंच. खाली जमशेटजी टाटांचा अर्धपुतळा आहे. भाची त्याच्यासमोर उभी राहून नाव वाचते.

त्या पुतळ्याकडे बघताना मला गाईडच्या कथेतला सगळ्यात मोठा खोटेपणा दिसतो. या माणसाने स्वतः पॅरिसच्या प्रदर्शनात हिंडून या हॉटेलसाठी लोखंडी खांब बघितले. विजेची सामग्री ड्युसेलडॉर्फहून, झुंबरं बर्लिनहून, पंखे अमेरिकेतून, अशी एकेक वस्तू त्याने निवडली. प्लेगने मुंबई ओस पडत होती, १८९६ पासून माणसं शहर सोडून पळत होती, त्या दिवसांत त्याने समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर स्वतःच्या खिशातून हे काम काढलं. आणि तो माणूस पाच वर्षं आपली इमारत उलटी उभी राहताना बघत बसेल? त्याला कळायला विलायतेहून साहेब परत यावा लागेल?

कथेतलं ते "इथल्या लोकांनी नकाशा उलटा धरला" हे वाक्य मला टोचतं. मघाशी ऐकतानाही टोचलं. गाईडचा त्यात काही वाईट हेतू नाही, तो ऐकलेलं सांगतो. पण कथा कोणाला शहाणं ठरवते आणि कोणाला अडाणी, ते बघा. साहेबाच्या डोक्यात सगळं बरोबर होतं, बिघडवलं ते इथल्या हातांनी. शंभर वर्षांहून जुनी ही इमारत भरतीच्या जमिनीवर ताठ उभी आहे ती त्याच हातांमुळे, आणि आपणच आपल्या मुलांना उलटं सांगतो.

लिफ्टने आम्ही वर जातो. दार उघडतं आणि लांबलचक मार्गिका समोर येते. दिवे मंद आहेत, मध लावल्यासारखे पिवळे. दोन्ही बाजूंना बंद दारं. पायाखाली गालिचा इतका जाड, की आपलं चालणं आपल्याला ऐकू येत नाही. भिंतीवर जुनी चित्रं. एका वळणावर खिडकी आहे आणि तिच्यातून खाली तलावाचं निळं पाणी दिसतं, त्यात एकच माणूस सावकाश पोहतोय. म्हणजे जिथे घोडागाड्या थांबायच्या तिथे.

"आता गप्प उभी राहू या," भाची कुजबुजते.

आम्ही उभ्या राहतो. पहिल्यांदा काहीच ऐकू येत नाही. मग कान सरावतात. भिंतीत कुठेतरी नळातून पाणी उतरतं. लिफ्टचा दोर वर जातो, एक बारीक कण्हल्यासारखा आवाज करून. जिन्याच्या पोकळीतून खालच्या लॉबीतलं एखादं हसू वर येतं, पण येताना त्याचे शब्द गळून पडलेले असतात, नुसता मानवी आवाज उरतो. आणि जिथे मार्गिका त्या पोकळीला मिळते तिथे हवा बदलते. मी दोन पावलं पुढे जाते, गार. मागे येते, उबदार. पुन्हा पुढे, गार. भाचीच्या दंडावर काटा आलाय, ती मला दाखवते. मी तिला हसत नाही. अंगावर येतो तो काटा खराच असतो. घुमटाखालची एवढी उंच पोकळी आणि यंत्राने गार केलेली हवा, म्हणून हे होतंय हे मला कळतं, तरी तो थंडपणा मानेवर जाणवतो तेव्हा तर्क जरा मागून येतो.

"काही हवंय का मॅडम?"

आम्ही दोघी दचकतो. मागे एक वयस्क गृहस्थ उभे आहेत, हॉटेलच्या गणवेशात, हातात घडी केलेले टॉवेल. ते इतके जवळ येईपर्यंत आम्हाला पत्ता लागलेला नाही. अशा हॉटेलातलं शिक्षणच ते, पाहुण्याच्या लक्षात न येता वावरायचं, लागेल तेव्हा समोर, नाही तर दिसायचं नाही. मला वाटतं, जगभरच्या हॉटेलांतल्या कितीतरी भूतकथा अशा कसबी माणसांच्या पावलांतून जन्मल्या असतील.

आमचं मराठी ऐकून ते सैल होतात. गाव वेंगुर्ल्याकडचं. भाची धीर करून विचारते, "काका, इथे खरंच भूत आहे?"

काकांच्या चेहऱ्यावर आधी नोकरीचं हसू येतं आणि मग गावचं. "भुतां आमच्या गावाक पुष्कळ. हंय रातपाळीक कामच इतक्या असता, भुताक उभ्या रवाक जागा गावाची नाय."

भाचीला निम्मं कळतं, मी उरलेलं सांगते. ती हसते. काका टॉवेलांची थप्पी एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतात. मग थोडं थांबून, या वेळी नेहमीच्या मराठीत, हळू म्हणतात, "ज्यांनी ते तीन दिवस बघितले ना बाळा, ते इथे भुताच्या गोष्टी करत नाहीत."

आणि मान लववून ते पुढे जातात. या वेळीही पावलं वाजत नाहीत.

भाची तेव्हा जन्मलेली नव्हती, पण तिला तारीख माहीत आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री याच मजल्यांवर गोळीबार झाला, आग लागली, घुमटाच्या भोवतीच्या खिडक्यांतून ज्वाळा बाहेर आलेल्या सगळ्या जगाने बघितल्या. २९ तारखेच्या सकाळी ते संपलं. स्वयंपाकघरातली, खानपानाच्या दालनातली, टेलिफोनवरची माणसं पळून जाऊ शकत होती. कितीतरी जण पाहुण्यांना बाहेर काढेपर्यंत थांबले. काही तिथेच गेले. महाव्यवस्थापकाचं स्वतःचं कुटुंब वर आगीत सापडलं होतं आणि तो खाली उभा राहून इतरांना बाहेर काढत होता. मेजर संदीप उन्नीकृष्णन याच इमारतीत पडले.

आम्ही खाली येतो आणि स्मारकाजवळ थांबतो. ३१ नावं. भाची ती सगळी वाचते, एकही न गाळता, ओठ हलवत. पाहुणे आणि कर्मचारी एकाच यादीत आहेत. मग ती मला विचारते, आणि तिच्या विचारण्यात थिल्लरपणा अजिबात नाही, "आत्या, यांची कुणाची भुतं का नाही सांगत?"

मी उत्तर देते ते असं. यांना ओळखणारी माणसं जिवंत आहेत. त्यांची आई, नवरा, मुलं, शेजारी पाळीवर काम करणारा मित्र. ज्याच्या मागे रडणारं कुणी आहे, त्याचं भूत करायला जीभ धजावत नाही. भुताची गोष्ट रंगते ती ज्याचं आपल्याला काही लागत नाही त्याची. चेंबर्सच्या मरणाचं मुंबईत कुणाला काय दुःख? म्हणून त्याला खुशाल पाचव्या मजल्यावरून ढकलता येतं.

सी लाउंजमध्ये खिडकीजवळचं टेबल मिळतं. भाऊ-वहिनी आधीच येऊन बसले आहेत. समोर शेवबटाटापुरी येते, चहा येतो. या दालनात कितीतरी घरांचे बघण्याचे कार्यक्रम पार पडले, मुलगा-मुलगी समोरासमोर आणि वडीलधारी शेजारच्या टेबलावर कान टवकारून. खिडकीबाहेर पाणी आता करडं झालंय. घारापुरीहून परतणाऱ्या बोटी धक्क्याला लागतायत.

भाचीची वही उघडी आहे. तिने भारतातल्या पछाडलेल्या हॉटेलांची यादी काढली आहे. मसुरीचं सॅव्हॉय, १९०२ मध्ये सुरू झालेलं. तिथे १९११ मध्ये एक इंग्रज बाई विषाने मेली, कुणी मारली ते सिद्ध झालं नाही, आणि ती अजून मार्गिकांतून हिंडते म्हणतात. कोट्याचं ब्रिजराज भवन, जे पूर्वी रेसिडेन्सी होतं. १८५७ च्या उठावात मेजर चार्ल्स बर्टन आणि त्याचे दोन मुलगे तिथे मारले गेले. तो मेजर रात्री फिरतो आणि पहारेकऱ्याला डुलकी लागली की थोबाडीत देतो, अशी ख्याती. आणि तिसरं आपलं ताज.

मी यादी वाचते आणि थबकते. मेमसाहेब, मेजरसाहेब, इंजिनियरसाहेब. तिन्ही भुतं गोरी.

या इमारतींत काय फक्त साहेब मेले? पाणक्या, भिस्ती, पायाचे खड्डे खणणारे, चुना मळणाऱ्या बाया, परातीने दगड वाहणारे, यांतलं कुणी पडलं नसेल, चेंगरलं नसेल, तापाने गेलं नसेल? भूत व्हायलाही जणू हुद्दा लागतो. कोट्याच्या कथेत तर मेल्यावरही साहेब हिंदी शिपायाच्या कानाखाली वाजवतोय आणि आपण ती कथा मजेने सांगतो.

अमेरिकेत कोलोराडोला स्टॅनली हॉटेल आहे, १९०९ चं. तिथे १९७४ मध्ये स्टीफन किंग मोसमाच्या शेवटी, जवळजवळ रिकाम्या हॉटेलात २१७ नंबरच्या खोलीत राहिला आणि त्यातून त्याला 'द शायनिंग' सुचली. आज त्या हॉटेलात भुतांच्या सहली निघतात. तिथल्या माणसांनी आपलं भूत निदान आपल्या डोळ्यांनी रचलं. आपण मात्र आपल्या घरातही दुसऱ्याचं भूत वागवत आलो.

"मग ताजमध्ये कुणी मेलंच नव्हतं का, बांधताना?" भाऊ विचारतो.

मेलं होतं. आणि हेच मला भाचीला सांगायचं होतं.

ताजचा मूळ आराखडा चेंबर्सचा नाहीच. तो केला रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या दोन हिंदी माणसांनी. वैद्य हे बोरीबंदर स्टेशन उभारणाऱ्या फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या हाताखाली काम केलेले. जमशेटजींनी १८९८ मध्ये जमीन घेतली, काम निघालं, आणि ते चालू असतानाच वैद्य मलेरियाने वारले. पायाच्या उघड्या खड्ड्यांत पाणी साचायचं. त्या काळच्या मुंबईत मलेरिया हा बांधकामावरचा रोजचा सोबती होता. वैद्य गेल्यावर अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला जो इंग्रज आणला, तो डब्ल्यू. ए. चेंबर्स. त्याने काही बदल केले आणि इमारत तडीस नेली. म्हणजे बघा, जो माणूस इमारत संपवायला आला, त्यालाच ती संपल्यावर धक्का बसला, असं आपण सांगतो. त्याने ताजमध्ये जीव दिल्याची कसलीही नोंद नाही.

भाची पेन्सिल खाली ठेवते. "म्हणजे जो मेला त्याने बिल्डिंग पाहिलीच नाही?"

"नाही पाहिली."

वहिनी इतका वेळ गप्प आहे. ती मूळची कणकवलीची. ती एकदम म्हणते, "मग भूत व्हायला हवं ते वैद्यांचं. आपल्याकडे इच्छा राहून गेलेला माणूसच समंध होतो. धन पुरून मेलेला नाही का, त्या धनावर बसतो? ह्यांचं तर एवढं मोठं धन."

वहिनीचा हिशेब मला पटतो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आजही बसलेला नाही. पण आपल्या आज्यांच्या गोष्टींत एक न्याय होता. ज्याची वासना अडकली त्याचा आत्मा अडकला, म्हणून त्याला काय हवं होतं ते विचारायचं, त्याचं पान वाढायचं, त्याचं नाव घ्यायचं. त्या न्यायाने या इमारतीवर हक्क सांगायला कुणी यायचं असेल, तर तो विलायतेहून परतलेला साहेब नव्हे. तो असेल पगडी घातलेला, रावसाहेबी मिळवलेला, तापाने फणफणलेला एक मराठी इंजिनियर, ज्याच्या कागदावर ही पाठ समुद्राला आणि हे हात वाऱ्याला दिलेले होते. आणि त्याला इमारत उलटी दिसणार नाही. त्याने काढली होती तशीच ती आहे.

भाची वहीतल्या यादीत ताजच्या पुढे लिहिलेलं 'चेंबर्स' खोडते. वर वैद्यांचं पूर्ण नाव घालते, आधी रोमन लिपीत, मग देवनागरीत. 'सीताराम' मधला सी ऱ्हस्व काढते, वहिनी तो दीर्घ करायला लावते.

अपोलो बंदरावर तुमच्या मुलांनाही कुणीतरी ती उलट्या नकाशाची गोष्ट सांगेल. ऐकू द्या त्यांना, अंगावर काटाही येऊ द्या. मग त्यांना हॉटेलच्या मागच्या रस्त्यावर न्या आणि सांगा, की ताजचं दार आधी इथे होतं, ठरवून होतं. आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, जिना सोराबजी रतनजी कॉन्ट्रॅक्टर यांचा, आणि चेंबर्सने उडी मारली नाही.